आयेची कंबर

जुलैच्या पावसात आमच्या शाळेचं मैदान म्हणजे तांबड्या चिखलाचं तळं. अशा दिवसांत पी.टी.चा तास वर्गातच घ्यावा लागतो आणि नववीची मुलं तोंडं पाडून बसतात. त्या दिवशी मी फळ्यावर शारीरिक सुदृढतेचे घटक लिहिले होते. हृदय-फुप्फुसांचा दमदारपणा, स्नायूंची ताकद, स्नायूंचा दमदारपणा, लवचिकता, शरीरातलं चरबीचं प्रमाण. कौलांवर पाऊस असा कोसळत होता की प्रत्येक शब्द ओरडून सांगावा लागत होता. खिडकीबाहेर, शाळेच्या गडग्यापलीकडे, भाताची लावणी चालली होती. पाच-सहा बाया, पाठीवर निळ्या-पिवळ्या प्लास्टिकच्या खोळी, ओळीने वाकलेल्या. मला वाटलं, उदाहरण आयतं समोर आहे. खिडकीकडे बोट दाखवून मी म्हटलं, "त्यांच्याकडे बघा. दिवसभर वाकून काम करतात. ताकद, दमदारपणा, लवचिकता, सगळं एका कामात येतं. लावणीसारखा व्यायाम नाही." सगळ्यांनी माना वळवल्या. तिसऱ्या बाकावरची एक मुलगी, एरवी माझ्या तासाला तोंडही न उघडणारी, तिने हात वर केला.

"सर, मग माझ्या आयेची कंबर कित्याक दुखता?"

कुणी हसलं नाही. अर्ध्या वर्गाच्या आया त्या वेळी कुठल्या ना कुठल्या कुणग्यात, म्हणजे भाताच्या खाचरात, उभ्या होत्या. मी म्हटलं, "पुढच्या तासाला सांगतो," आणि तेवढ्यात घंटा झाली. बावीस वर्षं मी हा विषय शिकवतोय. फळा पुसताना हात जरा जास्तच जोराने फिरला, हे माझं मलाच जाणवलं.

संध्याकाळी घरी जाताना त्याच शेतापाशी मोटरसायकल थांबवली. रेनकोटाच्या टोपीवर थेंब वाजत होते, चिखलाचा आणि उपटलेल्या तरव्याचा, म्हणजे भाताच्या रोपांचा, तो ओला, हिरवा, जरासा आंबूस वास सगळीकडे भरून राहिला होता. एक बाई मी पोचल्यापासून वाकलेली होती. मी घड्याळ लावलं. डाव्या हातात तरव्याची जुडी, उजव्या हाताने दोन-तीन रोपं सुटी करायची, अंगठ्याने चिखलात रोवायची, पाऊल मागे. पुन्हा तेच. हाताला इतकी लय की बघत राहावं. अकरा मिनिटांनी ती उभी राहिली. उभी राहिली म्हणजे कशी, तर आधी दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवले, मग एक हात मांडीवरून वर सरकवत नेला, मग दुसरा, आणि तरीही पाठ पुरती सरळ झालीच नाही. कपाळावरचे केस मनगटाने मागे सारून ती पुन्हा खाली गेली. त्या अकरा मिनिटांत मी नुसता उभा होतो आणि माझीच कंबर अवघडली होती.

रात्री जेवण झाल्यावर वहीत तिची आकृती काढली. आम्ही तरफ शिकवतो ती पहार आणि कात्रीची. माणसाच्या पाठीची तरफ मात्र घाईघाईत पुढे ढकलतो. बाईचं वजन पन्नास किलो धरलं, तर कमरेच्या वरचं डोकं, हात, धड मिळून तीस किलोंच्या आसपास भरतं. पूर्ण वाकल्यावर या वजनाचा मध्य कमरेच्या मणक्यापासून वीतभर पुढे जातो, पंचवीस सेंटीमीटर धरू. टेकू मणक्यापाशी. आणि हा सगळा भार मागून ओढून धरणारे पाठीचे स्नायू त्या टेकूपासून जेमतेम पाच सेंटीमीटरवर. म्हणजे तीस किलो तोलायला स्नायूंना साधारण दीडशे किलोंची ओढ लावावी लागते, हातात काही नसताना. आणि एवढ्यावर भागत नाही. माणूस पुरता खाली वाकला की पाठीचे हे मोठे स्नायू जवळजवळ गप्प होतात. 1951 सालीच हे विद्युत नोंदींतून मोजून दाखवलं गेलंय. मग भार जातो कुठे? मणके एकमेकांना बांधून ठेवणाऱ्या बंधांवर, मधल्या गाद्यांवर. हे बंध ताणून धरले की हळूहळू सैलावतात आणि सरळ उभं राहिल्यावरही लगेच पूर्ववत होत नाहीत. म्हणून वाकलेलं असताना तितकंसं दुखत नाही. दुखतं ते उठताना. आणि उठल्या उठल्या त्याच पाठीने तरव्याचा भारा डोक्यावर चढवायचा असतो.

आणि मी याला व्यायाम म्हटलं होतं.

आमच्या अभ्यासात तीन शब्द वेगळे करून शिकवले जातात: शारीरिक हालचाल, व्यायाम आणि सुदृढता. 1985 साली कॅस्परसन आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी या शब्दांच्या व्याख्या नीट मांडल्या, आजही त्याच वापरतात. स्नायूंच्या बळावर शरीर हलतं आणि त्यात ऊर्जा खर्च होते, ती सगळी हालचाल. त्यातली जी ठरवून, आखून, पुन्हा पुन्हा, सुदृढता वाढवण्यासाठी किंवा टिकवण्यासाठी केली जाते तेवढाच व्यायाम. आणि सुदृढता ही अंगात असलेली गोष्ट, केलेली नव्हे. मी हे दरवर्षी मुलांकडून पाठ करून घेतो. तरी खिडकीकडे बोट दाखवताना तिन्ही शब्द माझ्या तोंडात एक झाले. आपल्या भाषेचाही यात थोडा हात असेल. तालमीत जोर-बैठका मारण्याला 'मेहनत करणे' म्हणतात आणि शेतात राबण्यालाही मेहनतच म्हणतात. पहिलवान मेहनत करून दूध-बदाम खातो, मालिश घेतो, झोपतो. लावणीवरून आलेली बाई चूल पेटवते.

माझे वडील रापणीवर जायचे, म्हणजे किनाऱ्यावर उभं राहून मासळीचं मोठं जाळं ओढायला. मालवणच्या अलीकडे-पलीकडे ज्यांचं बालपण किनाऱ्यावर गेलं त्यांच्या कानात रापण ओढतानाचा आवाज अजून असेल. पहाटे होडी पाण्यात अर्धवर्तुळ मारून जाळं सोडत जायची आणि दोराची दोन टोकं वाळूत दोन टोळ्यांच्या हातात यायची. मी आठ-नऊ वर्षांचा असताना हट्टाने दोराला हात लावला. दोन्ही कोपरं वाकवून, दात-ओठ खाऊन ओढायला लागलो. वडील मागून म्हणाले, "हातान ओढू नको. अंगाचा वजन दोराक दी." त्यांनी माझे दंड सरळ केले, टाचा वाळूत रुतवायला लावल्या आणि मला मागे झुकवलं. दोर एकदम हलका झाला. पुढे बी.पी.एड.ला, शारीरिक शिक्षणाच्या पदवीला, गेल्यावर गुरुत्वमध्य आणि आधारक्षेत्र हे शब्द फळ्यावर आले, तेव्हा मला वाळूतली ती टाच आठवली. गुरुत्वमध्य पायांच्या मागे नेला की माणूस पडायला हवा. दोर त्याला पडू देत नाही, आणि त्याचं न पडणं हीच जाळ्याला ओढ होते. हात नुसते आकडे, काम मांड्यांचं. वीस माणसं एका लयीत मागे झुकलेली, शेवटचा माणूस दोर सोडून पुढे पाण्याकडे चालत जाणार, पुन्हा धरणार. वाळूत नुसतं चालायलाही कडक जमिनीवरच्या दुपटीहून जास्त ऊर्जा लागते, आणि ही माणसं ओझं ओढत उलटी चालायची. त्याहून सुंदर सांघिक हालचाल मी कुठल्याच मैदानावर पाहिलेली नाही. हे मी आजही छातीवर हात ठेवून सांगेन.

पण साठीच्या अलीकडेच वडिलांचा उजवा हात खांद्याच्या वर जाईनासा झाला. पैरण घालताना आई मागे उभी राहून बाही धरायची, आणि ते तोंड दुसरीकडे करून हात आत सरकवायचे. खांदा हा उखळीचा सांधा, शरीरातला सगळ्यात मोकळा. ज्या सांध्याला सगळ्या दिशा मोकळ्या, त्याच्या एकाच दिशेला चाळीस वर्षं ओढ लागली होती. त्यात होड्या ढकलणं, टोपल्या उचलणं आलंच. डॉक्टरांनी विश्रांती सांगितली तेव्हा वडिलांनी विचारलं होतं, "म्हणजे कित्या?" ते खरंच विचारत होते. पेडवे-तारल्यांसारखी मासळी लागलेली असताना कुणी विश्रांती घेतो हे त्यांच्या जगात बसणारं नव्हतं.

विश्रांती. मुलीच्या प्रश्नाचं उत्तर या शब्दाच्या आसपास आहे, असं त्या रात्री वाटायला लागलं. व्यायामाने स्नायू बळकट होत नाहीत. व्यायामाने ते थकतात, त्यांना बारीक बारीक इजा होतात. बळकट होतात ते नंतर, खाऊन-पिऊन झोपल्यावर, जेव्हा शरीर ती डागडुजी करताना थोडं जास्तीचं बांधून ठेवतं. म्हणून भार वाढवायचा तो हळूहळू, आणि दोन भारांच्या मध्ये जागा सोडायची. आमच्या विषयातलं हे सगळ्यात मोठं तत्त्व, आणि परीक्षेत त्याला दोन गुण. लावणी उलट्या क्रमाने येते. वर्षभर अंगाला सवय नाही, आणि पाऊस लागला, चिखल तयार झाला की एकदम पंधरा-वीस दिवस, रोज आठ-आठ तास. तरवा थांबत नाही. त्याचं वय होऊन गेलं की फुटवे कमी येतात. कंबर म्हणाली थांब, तरी रोप म्हणतं चल. जागतिक आरोग्य संघटनेने 2020 साली प्रौढांसाठी आठवड्याला 150 ते 300 मिनिटांची मध्यम हालचाल सांगितली आहे. लावणीवरची बाई दीडशे मिनिटं सोमवारच्या न्याहारीपर्यंत पुरी करते. पुढचे सहा दिवस कशाच्या खात्यात टाकायचे?

माझी पहिली नोकरी रत्नागिरीकडे होती. तिथे शिमग्यात पालखी नाचवतात. मी नवखा होतो, लोकांनी मलाही खांदा द्यायला लावला. चांदीचे मुखवटे, लाकडी दांडा, नुसती उचलायची म्हटली तरी अंग मोडेल असं वजन, आणि ते खांद्यावर घेऊन उड्या, गिरक्या, खाली बसून उठणं. ढोलाच्या ठोक्याला गुडघे आपोआप वाकायचे. मला वाटलं उद्या उठता येणार नाही. पण जरा धाप लागली की शेजारचा खांद्याला खांदा लावायचा आणि मी बाहेर. कुणी विचारायचं नाही, कुणी वेळ मोजायचं नाही. घाम पुसून, पाणी पिऊन पुन्हा आत शिरायचं मन व्हायचं. दुसऱ्या दिवशी अंग ठणकत होतं, पण तो ठणका हवासा होता. ओझं रापणीपेक्षा कमी नव्हतं. आपण होऊन आत जाता येत होतं आणि आपण होऊन बाहेर पडता येत होतं, एवढा फरक.

पुढचे दोन दिवस मी जुनी टिपणं आणि नवे निबंध चाळत बसलो. हालचाल आणि हृदयरोग यांचा पहिला मोठा अभ्यास सगळे शिकवतात: 1953 साली जेरी मॉरिस यांनी लंडनच्या दुमजली बसगाड्यांवर केलेला. दिवसभर जिने चढणाऱ्या-उतरणाऱ्या कंडक्टरांना, दिवसभर बसून असणाऱ्या ड्रायव्हरांपेक्षा हृदयविकार कमी. मी हे सांगताना नेहमी आमच्या एस.टी.चा कंडक्टर उभा करतो, घाटाच्या वळणांवर एका हाताने दांडा धरून तिकीट फाडणारा. कामातली हालचाल भली, असा धडा त्यातून आपसूक निघायचा. पण 2021 साली कोपनहेगनमधल्या एक लाखाहून जास्त प्रौढांचा अभ्यास आला. फावल्या वेळात हालचाल करणाऱ्यांना हृदयविकार कमी आणि मृत्यूही कमी. कामावर जड कष्ट करणाऱ्यांचं मात्र उलटं, सवयी आणि राहणीमान हिशेबात घेऊनसुद्धा. त्याची कारणं मांडताना संशोधक सांगतात की जड काम तासन् तास चालतं, रक्तदाब दिवसभर चढा राहतो, एकाच ठेवणीत अंग अडकतं आणि सावरायला वेळ मिळत नाही. डेन्मार्कचे कारखाने आणि आमचे कुणगे यांच्यात फार अंतर आहे हे मला कळतं. तरी वाचताना मला वडिलांची पैरण दिसत होती.

आणि याला दुसरी बाजूही आहे, तीही माझ्या वर्गातच बसते. आता शेतात उतरणारी मुलं हाताच्या बोटांवर मोजावीत इतकी. नांगरणी पॉवर टिलरने होते, त्यामुळे बाप्यांचं काम हलकं झालं. लावणी मात्र अजून हातानेच आणि बहुतेक बायांच्याच वाट्याला. पोरांनी चिखलात उतरू नये असं त्याच बायांना वाटतं, आणि त्यांचं बरोबर आहे. पण ऑगस्टमध्ये जेव्हा मी शाळेच्या सुदृढता चाचण्या घेतो, 600 मीटर धावणं, 50 मीटर, दंड, बसून पुढे वाकणं, तेव्हा दर वर्षी जास्त मुलं धापा टाकताना दिसतात. टाचा जमिनीला टेकवून उकिडवं बसायला सांगितलं तर निम्मी मागे कलंडतात. घोटा पुढे वाकतच नाही, कारण त्याला कुणी वाकवलेलंच नाही. आईला गरजेपेक्षा कितीतरी जास्त हालचाल, मुलाला गरजेपेक्षा कितीतरी कमी. एकाच घरात, एकाच ओट्यावर. मी पगार घेतो तो यातल्या एकाचसाठी.

पुढच्या तासाला मी फळा वापरलाच नाही. कवायतीच्या काठ्या वर्गात आणल्या. दोघादोघांच्या जोड्या केल्या आणि एकाने दुसऱ्याच्या पाठीवर काठी उभी धरायची: डोक्याचा मागचा भाग, दोन खवाट्यांच्या मधली जागा आणि माकडहाड, तिन्ही ठिकाणी काठी टेकली पाहिजे. आता तीन जागा न सोडता वाकायचं. सुरुवातीला सगळ्यांच्या काठ्या माकडहाडापासून सुटल्या, कारण सगळे कमरेतून वाकत होते. मग गुडघे किंचित सैल करून, मागे भिंत आहे असं समजून ढुंगण तिला टेकवायला सांगितलं. खुब्यातून वाकणं ते हे. अवघडलेल्या हसण्यातून एकेकाला जमायला लागलं. खुब्याचा सांधाही उखळीचाच, त्याला दांडग्या मांड्या आणि नितंबांचे स्नायू. एवढा भार तिथे द्यायचा सोडून आपण तो कमरेच्या बारीक गाद्यांवर का टाकतो, हे मी समजावून सांगितलं. तरफ सांगितली, दीडशे किलो सांगितले. मग मी म्हटलं, "मागच्या तासाला मी लावणीला व्यायाम म्हटलं, ते चुकीचं होतं." ती मुलगी वहीत काहीतरी लिहीत होती. तास संपल्यावर तिने विचारलं, काठी घरी नेऊ का.

दुसऱ्या दिवशी प्रार्थनेआधीच ती काठी परत घेऊन आली. "आयेक दाखवलंय. ती हसली. म्हणाली, गो, असा वाकलंय तर हात चिखलाक पोचतलो कसो?"

हे मला आधी सुचायला हवं होतं. मी घरी जाऊन आरशासमोर काठी लावून वाकलो. तीन जागा टेकलेल्या, आणि बोटं गुडघ्यांच्या जरा खाली येऊन थांबली. जमीन हातभर दूर. पाठ न वाकवता तिथवर पोचायचं तर गुडघे पुरते मोडून उकिडवं बसायला हवं, आणि घोट्याच्या वर चिखलात उकिडवं बसून मागे मागे सरकता येत नाही. पुस्तकातलं वाकणं वजन उचलण्यासाठी आहे. रोप लावण्यासाठी कुणी लिहिलेलंच नाही.

रविवारी मी त्यांच्या कुणग्यावर गेलो. मुलगी मेरेवर, कुणग्याच्या बांधावर, छत्री धरून उभी होती, तिच्या आईने मला बघून पदर सारखा केला. "सर, तुमी कित्याक इलास? कपडे घाण होतले." मी पँट गुडघ्यापर्यंत दुमडून उतरलो. चिखल कोमट होता, पोटऱ्यांना हळू हळू ओढून घेणारा. पहिल्या पाच मिनिटांत मला वाटलं, जमतंय. दहाव्या मिनिटाला मांडीमागच्या शिरा तारेसारख्या झाल्या. पंधराव्याला माझी ओळ वाकडी गेली होती आणि शेजारच्या बाया माझ्यापेक्षा चार हात पुढे, म्हणजे मागे, सरकल्या होत्या. उठताना माझेही हात आपोआप गुडघ्यांवर गेले. मुलीची आई म्हणाली, "मेरेर पोचलंय काय वायच उबी ऱ्हवतंय. पण बाकीची फुडे गेली काय माका बरा दिसना नाय." पूर्वी सावडीवर, म्हणजे एकमेकींच्या शेतात आळीपाळीने राबून, काम चालायचं तेव्हा मेर आली की सगळ्या एकदम उठायच्या, पान खायच्या, गाणं म्हणायच्या, असं तिच्या सासूने मेरेवरून सांगितलं. आता मजुरीवर आलेल्या बायांना संध्याकाळपर्यंत दुसरा कुणगाही उरकायचा असतो.

मी एवढंच सांगू शकलो की पाच मिनिटांनी एकदा उभं राहायचं, हात कमरेवर ठेवून मागे झुकायचं, दहा अंक मोजेपर्यंत. सैलावलेल्या बंधांना तेवढी उसंत. आणि उठल्या उठल्या भारा उचलायचा नाही. हे औषध नव्हे, हेही सांगितलं. तिने मान हलवली, पण मोजायचं कुणी? हात चिखलात, लक्ष रोपात. मुलगी मेरेवरून म्हणाली, "मी मोजतंय." आणि माझं घड्याळ तिने मागून घेतलं.

मी गडग्याला टेकून पाय धूत होतो तेव्हा तिचा आवाज आला. कवायतीला मी देतो तसाच, खणखणीत. "एऽक!" चार पाठी वर आल्या. "दोऽन! तीऽन!" हात कमरेवर, तोंडं आभाळाकडे, पाऊस सरळ डोळ्यांत. कुणाला तरी हसू आवरेना, ते दुसरीला लागलं. पलीकडच्या कोपऱ्यातली एक म्हातारी तेवढी वाकलेलीच होती. मुलीने मोजणं थांबवून तिला हाक मारली. ती मान वर न करता म्हणाली, "माका नको गो, माजा अजून ऱ्हवला हा." मुलगी क्षणभर घुटमळली, मग म्हातारीकडेच तोंड करून तिने पुन्हा एकपासून सुरुवात केली.